लेखकाच्या दारावरची पाटी

ज्या लिखाणाकडे टीकाकारांचें सहसा लक्ष जात नाहीं अशा एका गद्यप्रकाराविषयीं चार शब्द लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. हा प्रकार म्हणजे स्वतंत्र लेखनव्यवसाय करणाऱ्या लेखकाचें स्वतःचें संकेतस्थळ. कथा, कादंबरी, काव्य यांचे गुणदोष दाखविण्यासाठीं आपल्या मासिकांचीं पानेंच्या पानें खर्चीं पडतात. परंतु जो मजकूर लेखक स्वतःविषयीं लिहितो, ज्यावर त्याची रोजची भाकरी अवलंबून असते, त्याची परीक्षा करण्याचें कोणास सुचत नाहीं. ही जाहिरात आहे, हें वाङ्मय नव्हे, असें म्हणून विद्वान् मंडळी बाजूला होतात. आमचें मत याहून निराळें आहे. ज्या मजकुराचा कर्ता लेखक, विषय लेखक आणि साधन केवळ भाषा, तो मजकूर टीकेच्या कक्षेबाहेर राहील कसा? ज्या शिंप्याचा स्वतःचाच अंगरखा उसवलेला आहे त्याच्याकडे कापड टाकावयास कोण जाईल?

या विषयास आमच्या भागांत विशेष महत्त्व आलें आहे. नांदेड व लातूर या दोन शहरांत अलीकडे पदवीधर तरुण-तरुणी नोकरीची वाट पाहत न बसतां घरबसल्या भाषांतर, मुद्रितशोधन, जाहिरातींचा मजकूर, ध्वनिपुस्तकांच्या संहिता, दुसऱ्यांचीं आत्मचरित्रें अशीं नाना प्रकारचीं लेखनकामें करूं लागलीं आहेत. २०२० सालच्या टाळेबंदीनंतर ही वाट अधिक रुळली. गिऱ्हाईक पुण्याचें, मुंबईचें किंवा परदेशचें. लेखकाची व त्याची प्रत्यक्ष गांठ कधींच पडावयाची नाहीं. अशा स्थितींत लेखकाचें दार, त्याची बैठक आणि त्याची अब्रू हीं तिन्ही त्या संकेतस्थळांतच सांठविलेलीं असतात. आमच्या जुन्या विद्यार्थ्यांच्या निमित्तानें अशीं बरींच संकेतस्थळें आम्हीं लक्षपूर्वक वाचलीं. त्यांतील एकाचेंही नांव येथें घेण्याचा आमचा विचार नाहीं. कारण दोष व्यक्तींचा नसून प्रघाताचा आहे, आणि प्रघाताचीच चिकित्सा आम्हांस कर्तव्य आहे.

लेखकानें स्वतःच्या नांवाचें स्वतंत्र स्थान उभारावें ही कल्पना नवी आहे असें कोणीं समजूं नये. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनीं १८७४ सालीं 'निबंधमाला' सुरू केली तेव्हां ते सरकारी शाळेंत शिक्षक होते. सात वर्षांत निघालेल्या मालेच्या ८४ अंकांतील जवळजवळ सर्व मजकूर त्यांचा एकट्याचा आहे. दुसऱ्याच्या पत्रांत जागा मागण्याऐवजीं त्यांनीं आपली ओसरी आपणच बांधली, आणि पुढें सरकारी नोकरीही सोडली. ही माला वाचतांना ध्यानांत भरणारी गोष्ट अशी कीं, कर्ता स्वतःस मोठा लेखक म्हणवीत नाहीं; तो विषयास हात घालतो आणि वाचकास काय तें ठरवूं देतो. दुसरें उदाहरण डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचें. महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड काढावयाचे तर वर्गणीदार व भागीदार मिळविल्यावांचून गत्यंतर नव्हतें. म्हणजे विद्वानास बाजारांत उतरावें लागलें. तें त्यांनीं निःसंकोचपणें केलें, आणि 'माझें बारा वर्षांचें काम' या पुस्तकांत त्या खटाटोपाचा वृत्तान्तही जगापुढें मांडला. लेखकानें आपल्या कामासाठीं लोकांकडे जावें यांत कमीपणा नाहीं, हें या उदाहरणावरून दिसतें. प्रश्न एवढाच कीं, जावयाचें तें कोणत्या भाषेंत व कोणत्या तोंडानें?

आतां आमच्या भागांतील संकेतस्थळांकडे वळूं. त्यांतील पहिला व सर्वांत मोठा दोष आत्मस्तुतीचा आहे. 'अनुभवी', 'सर्जनशील', 'दर्जेदार', 'खात्रीशीर', 'आपल्या यशाचे सोबती' अशा विशेषणांची व बिरुदांची रांग पहिल्याच पृष्ठावर उभी असते. हीं विशेषणें कोठून आलीं याचा शोध घेण्यास फार लांब जावयास नको. लातुरांत शिकवणीवर्गांच्या फलकांनीं रस्ते भरून गेलेले आहेत. टक्के, क्रमांक, हमी आणि हसरे चेहरे यांची एक ठराविक भाषा त्या फलकांनीं घडविली आहे. तीच भाषा रोज डोळ्यांवर आदळत राहिल्यानें लेखकाच्या लेखणींतही उतरली आहे. पण फलक वाचणारा धांवत्या वाहनावर असतो. लेखकाचें संकेतस्थळ उघडणारा मनुष्य मात्र मजकूर पारखण्यासाठींच आलेला असतो. तो संपादक असेल, प्रकाशक असेल, एखाद्या संस्थेचा चालक असेल. 'मी उत्तम लिहितों' या वाक्यानें त्याची खात्री पटत नाहीं. उत्तम लिहिलेल्या वाक्यानें पटते.

दुसरा दोष सर्वज्ञतेचा. एकच लेखक कविता, कायदेशीर दस्तऐवज, वैद्यकीय लेख, लग्नपत्रिका, संशोधन-प्रबंध आणि चित्रपटाची संहिता या सर्वांची जबाबदारी पत्करतो. त्याला वाटतें कीं, जाळें जितकें मोठें तितके मासे अधिक. वस्तुतः घडतें तें उलट. ज्यास औषधाच्या माहितीपत्रकाचें भाषांतर करून घ्यावयाचें आहे तो लग्नपत्रिका लिहिणाराकडे तें काम सोंपविण्यास कचरतो, आणि त्याचें हें कचरणें रास्तच आहे. शिवाय विद्यार्थ्यांचे प्रबंध लिहून देणें हें काम यादींत आलेलें पाहून आम्हां शिक्षकांस जें वाटतें तें निराळेंच. प्रबंधाची भाषा तपासणें हा व्यवसाय आहे. प्रबंध लिहून देणें ही फसवणूक आहे. आणि जो लेखक दारावरच फसवणुकीची पाटी लावतो त्याच्या बाकीच्या पाट्यांवर विश्वास कां ठेवावा?

तिसरा दोष अगदीं अलीकडचा आहे. नोव्हेंबर २०२२ मध्यें चॅटजीपीटी हें यंत्र लोकांच्या हातीं आलें, आणि तेव्हांपासून परिचयाचा मजकूर त्याच्याकडूनच लिहवून घेण्याची चाल पडली. परिणाम असा कीं, नांदेडच्या लेखिकेचा परिचय आणि लातूरच्या लेखकाचा परिचय यांत नांवापलीकडे फरक राहिला नाहीं. दोघांसही 'शब्दांची आवड लहानपणापासून' असते, दोघेंही 'कल्पनांना आकार' देतात. यंत्राचा उपयोग करूं नये असें आमचें म्हणणें नाहीं. शुद्धलेखन तपासण्यास, मुद्दे जुळविण्यास तें खुशाल वापरावें. परंतु लेखकानें स्वतःविषयींचीं दहा वाक्येंही दुसऱ्याकडून लिहवून घेतलीं तर गिऱ्हाइकानें त्याच्याकडे कां यावें? तें यंत्र गिऱ्हाइकाच्याही घरीं आहे. ज्या काळांत गुळगुळीत वाक्य फुकट मिळूं लागलें आहे त्या काळांत किंमत राहणार ती खडबडीत, नेमक्या, पाहिलेल्या व अनुभवलेल्या गोष्टीची.

चौथा दोष आम्हांस सर्वांहून अधिक लागतो. तो म्हणजे गांव लपविण्याचा. कित्येक संकेतस्थळांवर राहण्याच्या ठिकाणीं पुण्याचें नांव दिलेलें असतें, कित्येकांवर नुसतें 'भारत' एवढेंच. संपूर्ण स्थळ इंग्रजींत असतें. मराठीचा एक शब्दही औषधापुरता सांपडत नाहीं. याबद्दल विचारलें असतां उत्तर मिळतें तें असें: नांदेडचें नांव वाचून परगांवचा मनुष्य मागें सरतो, लातूर म्हटलें कीं त्याला भूकंप आणि पाण्याची टंचाई एवढेंच आठवतें, आणि मराठी भाषेंत गिऱ्हाईक येतच नाहीं. या उत्तरांत कांहींच तथ्य नाहीं असें आम्ही म्हणणार नाहीं. पोटापाण्याचा प्रश्न ज्याचा त्याला ठाऊक. पण हें उत्तर अपुरें आहे, आणि तें अपुरें कां हें दाखविणें हाच या लेखाचा मुख्य हेतु आहे.

नांदेडांत राहून महाराष्ट्रास ओळखीचें होतां येत नाहीं काय? नरहर कुरुंदकर (१९३२-१९८२) नांदेडच्या पीपल्स कॉलेजांत शिकवीत आणि पुढें तेथेंच प्राचार्य झाले. त्यांनीं मुक्काम हलविला नाहीं. रणजित देसाई यांच्या 'श्रीमान योगी' या कादंबरीस त्यांची जी प्रस्तावना आहे ती मूळ पत्ररूप आहे. एक प्राध्यापक नांदेडहून एका कादंबरीकारास पत्र लिहितो, आणि तें पत्र इतक्या तोलाचें निघतें कीं ग्रंथाच्या आरंभीं छापलें जातें. नमुना म्हणतात तो याला! कुरुंदकरांनीं आपल्या विद्वत्तेची कोठें पाटी लावली नव्हती. पण त्यांचें प्रत्येक टिपण हीच त्यांची पाटी होती. त्यांच्या काळीं साधन पोस्टाचें होतें, आज महाजालाचें आहे. साधन बदललें म्हणून न्याय बदलत नाहीं.

भाषेच्या बाबतींत तर आमच्या तरुणांस आपल्या खिशांतल्या नाण्याची किंमतच कळलेली नाहीं असें म्हणावें लागतें. मराठवाडा १९४८ च्या सप्टेंबरपर्यंत हैदराबाद संस्थानांत होता. उस्मानिया विद्यापीठ १९१८ सालीं निघालें तें उर्दू माध्यमाचें. येथील मराठी मुलास उच्च शिक्षण व सरकारी दरबार यांसाठीं उर्दूचीच कास धरावी लागे. त्या जाचाचें समर्थन कोणी करणार नाहीं. तथापि त्या इतिहासानें आणि भूगोलानें मिळून या प्रदेशास एक देणगी दिली आहे. नांदेडच्या बाजारांत मराठीच्या जोडीला दखनी उर्दू कानीं पडते, सचखंड श्री हुजूरसाहिब गुरुद्वाऱ्यामुळें पंजाबीचा वावर आहे, देगलूर-बिलोलीकडे तेलुगू घरांत शिरलेली आहे, उदगीर-निलंग्याकडे कानडी. निलंग्यास १९१० सालीं जन्मलेले सेतुमाधवराव पगडी यांनीं या बहुभाषिकतेचें काय होऊं शकतें तें दाखवून दिलें. फारसी साधनांतून त्यांनीं मराठ्यांच्या इतिहासावर प्रकाश पाडला, उर्दू काव्याचा मराठी वाचकांस परिचय करून दिला, आणि गोंडी भाषेचाही अभ्यास केला. पुण्याच्या पेठेंतील भाषांतरकारास जें सहजासहजीं साधणार नाहीं तें देगलूरच्या तरुणास आजीच्या मांडीवर मिळालेलें असतें. आणि नेमकी हीच गोष्ट तो आपल्या संकेतस्थळावर लिहीत नाहीं! 'मराठी, उर्दू व तेलुगू या तिन्ही भाषा मला घरच्या आहेत. तेलुगूंतून मराठींत मी प्रत्यक्ष भाषांतर करतों, इंग्रजीच्या मध्यस्थीनें नव्हे', हें एक वाक्य त्या सर्व विशेषणांच्या रांगेवर मात करील. पण तें वाक्य लिहावयाचें म्हणजे देगलूरचें नांव सांगावें लागतें. गांव लपविणारा आपली पात्रताही लपवितो, ती अशी.

इंग्रजी नको असें मात्र कोणीं समजूं नये. आमचें स्वतःचें शिक्षण इंग्रजींत झालें आहे, आणि परदेशच्या गिऱ्हाइकाशीं त्याच्या भाषेंत बोलावें हें उघड आहे. आमचें म्हणणें एवढेंच कीं, मराठी लेखकाच्या घरास मराठी दार असावें, आणि तें मागीलदार नसावें. दोन्ही भाषांतील पृष्ठें शेजारीं शेजारीं असतील तर भाषांतरकाराच्या कौशल्याचा आयताच पुरावा मिळतो. मात्र मराठी पृष्ठ हें इंग्रजीचें शब्दशः भाषांतर नसावें. नाहींतर पुरावा उलट बाजूनें पडतो.

आतां विधायक बाजू. चांगल्या संकेतस्थळाचा प्राण म्हणजे नमुने. तीन किंवा चार पुरेत. पण ते निवडक हवेत, आणि प्रत्येकाच्या माथ्यावर तो कोणासाठीं, कशासाठीं व केव्हां लिहिला याची एक ओळ हवी. येथें एक खरी अडचण उभी राहते. या व्यवसायांतील पुष्कळसें लिखाण दुसऱ्याच्या नांवानें छापलें जातें. तें स्वतःचें म्हणून दाखवितां येत नाहीं. याबाबत कायदा काय सांगतो हें लेखकास ठाऊक असावें. १९५७ च्या स्वामित्वहक्काच्या कायद्याप्रमाणें नोकरीच्या ओघांत लिहिलेल्या मजकुराचा पहिला हक्क, उलट करार नसल्यास, नोकरी देणाऱ्याचा. परंतु बाहेरून काम घेणाऱ्या स्वतंत्र लेखकाची गोष्ट वेगळी. त्याचा हक्क दुसऱ्याकडे जावयाचा तर तो लेखी व सहीनिशीं जावा लागतो. अशा लेखांत मुदत सांगितलेली नसेल तर ती पांच वर्षांची, आणि प्रदेश सांगितलेला नसेल तर तो भारतापुरता समजला जातो. तेव्हां काम घेतांनाच 'यांतील अमुक भाग नमुना म्हणून दाखविण्याची मुभा असावी' हें वाक्य करारांत घालून घ्यावें. जेथें गुप्ततेचें वचन दिलें असेल तेथें तें पाळावें, आणि नमुन्यासाठीं स्वतंत्र लेख लिहावा.

अशा लेखासाठीं विषयांची वाण आहे काय? एप्रिल २०१६ मध्यें मिरजेहून रेल्वेनें लातुरास पाणी आणावें लागलें. त्या उन्हाळ्यांत एका घरानें पाण्याचा हिशेब कसा ठेवला, भांडीं कोणत्या पाण्यानें घांसलीं आणि तें पाणी पुन्हां कोठें वापरलें, हें ज्यानें पाहिलें आहे त्यानें तें पांचशे शब्दांत लिहावें. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर पुनर्वसित गांवांत वाढलेल्या मुलानें नव्या घरांविषयीं लिहावें. सोयाबीनचा भाव ठरतो तो क्षण, गुरुद्वाऱ्याच्या लंगरांतील स्वयंपाकाची व्यवस्था, गोदावरीच्या घाटावरील एखादी सकाळ, यांपैकीं कोणताही विषय लेखकाची निरीक्षणशक्ति दाखविण्यास पुरेसा आहे. परगांवचा संपादक असा एक लेख वाचील आणि मनाशीं म्हणेल, या माणसाला पाहतां येतें. हें त्याच्या मनांत एकदां आलें कीं संकेतस्थळाचें काम झालें.

दर सांगावे कीं सांगूं नयेत, हा वादाचा मुद्दा आहे. कित्येकांचें म्हणणें, दर सांगितल्यानें गिऱ्हाईक दाराशींच थबकतें. आमच्या मतें निदान 'अमुक रकमेपासून पुढें' एवढें तरी सांगावें, आणि कामाची रीत स्पष्ट लिहावी: आगाऊ रक्कम किती, मुदत किती, दुरुस्त्या किती वेळां. आपल्याकडे लेखकाच्या मोबदल्याचा विषय निघाला कीं दोन्ही बाजूंस संकोच होतो, आणि त्या संकोचाचा तोटा नेहमीं लेखकासच होतो. सुतार दर सांगतांना लाजत नाहीं. जो लेखक आपल्या श्रमाचें मोल सांगण्यास लाजतो त्याचें मोल दुसरा ठरवितो. महाजालावर काम मिळवून देणारे जे मध्यस्थ आहेत त्यांच्या चावडीवर हेंच चालतें; तेथें शेंकडों लेखक एका कामासाठीं एकमेकांखालीं बोली लावतात, आणि मिळालेल्या पैशांतून मध्यस्थ आपली दलाली कापून घेतो. आरंभीं त्या चावडीवर जावें लागेल. पण जन्मभर तेथेंच बसावयाचें नसेल तर स्वतःचें दार हवें.

हें दार स्वतःचें म्हणजे किती स्वतःचें, हेंही समजून घ्यावें. संकेतस्थळाचें नांव हें विकत मिळत नाहीं. तें वर्षावर्षाच्या मुदतीनें नोंदावें लागतें, आणि मुदत चुकली तर दुसरा तें घेऊं शकतो. म्हणून नोंदणी स्वतःच्या नांवानें करावी. स्थळ बांधून देणाऱ्या मित्राच्या नांवानें नव्हे. फुकट जागा देणाऱ्या कंपन्यांवर सर्व भार टाकूं नये. जिओसिटीज या सेवेवर एके काळीं असंख्य लोकांनीं आपलीं पृष्ठें उभारलीं होतीं. २००९ सालीं ती सेवा बंद झाली आणि तीं घरें मोडलीं. नांव स्वतःचें असेल तर बिऱ्हाड हलवितां येतें व पत्ता तोच राहतो. मजकुराची एक प्रत आपल्याजवळ ठेवावी. मराठी मजकूर युनिकोडमध्येंच असावा. जुन्या टंकांतील मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर निरर्थक खुणांसारखा दिसतो, आणि मजकुराचें चित्र करून लावलें तर शोधयंत्रास त्यांतील अक्षरें सहसा नीट लागत नाहींत. २०१४ पासून 'भारत' हा प्रत्यय असलेलीं देवनागरी नांवेंही नोंदतां येतात. रोमन नांवाच्या जोडीला असें एक नांव घेण्यास हरकत नसावी. आणि स्थळ साधें असावें. तें बहुतेकदां भ्रमणध्वनीवरच उघडलें जाणार. हलणारीं चित्रें व संगीत यांच्या ओझ्याखालीं तें उघडेपर्यंत वाचक निघून जातो.

एवढें सगळें केल्यावर कामाचा ओघ सुरू होईल काय? असें आश्वासन आम्ही देत नाहीं. कामें आजही बहुधा ओळखीनें मिळतात. पण ओळख सांगणाराही 'त्याचें लिखाण येथें पाहा' म्हणून बोट दाखवितो, आणि बोट दाखविण्यास जागा लागते. संकेतस्थळ ही ती जागा होय. याहून अधिक मोठें रूप तिला देऊं नये, आणि याहून कमीही लेखूं नये.

मराठींत केवळ लेखणीवर पोट भरणारे लेखक नेहमींच थोडे झाले. आमच्या पिढीनें मास्तरकी पत्करली आणि उरल्या वेळांत लिहिलें. आम्हांस पगारानें आधार दिला आणि आमची लेखणी पुष्कळदां त्या पगारानेंच निजविली. आज नांदेड-लातूरची मुलें जो मार्ग धरूं पाहत आहेत तो अधिक धोक्याचा आहे आणि म्हणूनच अधिक आदराचा आहे. त्यांस आमचें सांगणें इतकेंच: पाटी लहान असली तरी चालेल, पण तिच्यावर आपलें नांव असावें, आपलें गांव असावें, आणि तीं दोन्ही वाचतां येतील अशा अक्षरांत असावींत.